भिडेपोटी ‘हो’ म्हणायची सवय मोडायची आहे (ऑफिसात आणि घरातही)

कोवळेऊन

नमस्कार मंडळी,

माझा स्वभाव भिडस्त. कोणी काम सांगितलं की तोंडातून आधी ‘हो, करते’ निघतं आणि मग रात्रभर डोकं भणभणत राहतं. टीममधला एक सहकारी दर आठवड्याच्या शेवटी त्याचा अहवाल माझ्याकडे सरकवतो. वर ‘तुझ्या हातून नीट होतो गं’ अशी मखलाशी. घरी मोठा भाऊ. बाबांच्या औषधोपचारांबद्दल सगळं ठरवून मोकळा होतो आणि मला फोनवर नुसतं सांगतो, ‘असं ठरलंय’. पटलेलं नसतं, तरी ‘बरं दादा’ म्हणून फोन ठेवते आणि नवऱ्याजवळ धुसफुसत बसते.

मला भांडायचं नाही, कोणाला तोडून बोलायचं नाही. माझा मुद्दा शांतपणे मांडता यावा आणि मांडताना आवाज कापू नये, एवढंच हवंय. हे शिकता येतं का, की मुळातच अंगात असावं लागतं? ज्यांना जमलंय त्यांनी सुरुवात कुठून केली? ‘आत्मविश्वास बाळगा’ छापाचे सल्ले भरपूर वाचून झालेत. ऐनवेळी तोंडात नेमके कोणते शब्द आणायचे ते सांगा.

पायवाट

वाचतेय. हे मीच लिहिलंय की काय असं वाटलं.

मधलीसुट्टी

आमच्या ऑफिसात एकाला ‘नाही म्हणायला शिका’ या कार्यशाळेला नाव द्यायला सांगितलं. तो म्हणाला, ‘नाही, मला वेळ नाही.’ कार्यशाळा तिथेच पार पडली. :)

खडूफळा

कोवळेऊन, शिकता येतं. समुपदेशनाच्या कामात हे रोज बघते, म्हणून खात्रीने सांगते.

ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण मुळात उपचार म्हणून सुरू झालं. अँड्र्यू सॉल्टर यांनी 1949 साली, मनातलं मोकळेपणी बोलण्याचा सराव दबून वागणाऱ्यांना उपयोगी पडतो असं मांडलं. पुढे 1958 मध्ये जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला वर्तनोपचारात पक्की जागा दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस स्वतःचं म्हणणं स्पष्ट मांडत असतो तेव्हा त्याच क्षणी भीतीचा जोर टिकत नाही. म्हणजे आधी भीती जाईल आणि मग मी बोलेन, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. बोलण्याचा सराव करता करता भीती उतरते. अल्बर्टी आणि एमन्स यांनी 1970 मध्ये हेच सर्वसामान्य लोकांसाठी, प्रत्येकाचा हक्क म्हणून मांडलं.

आता व्यवहाराचं. भावापासून सुरुवात करू नका. जिथे बिघडलं तरी फार काही बिघडत नाही, अशा जागा आधी निवडा. रांगेत मध्ये घुसणाऱ्याला ‘रांग इथून आहे’ म्हणणं. विक्रीचा फोन आला की ‘मला नकोय, धन्यवाद’ म्हणून ठेवून देणं. मैत्रिणीने भेटायची वेळ परस्पर ठरवली तर ‘मला सहाऐवजी सात बरं पडेल’ म्हणणं. आणि पहिली सवय ही लावा की जागच्या जागी होकार द्यायचा नाही. ‘हातातलं बघून उद्या सकाळी कळवते’ हे एक वाक्य पाठ करून ठेवा. भिडस्त माणसाचा होकार पहिल्या दोन सेकंदांत जातो. ते दोन सेकंद वाचले की निम्मं काम झालं.

सरळरेषा

मी टेबलाच्या पलीकडून लिहितो. माझ्या हाताखाली टीम आहे.

‘हो’ म्हणणाऱ्याला जमतंय असंच मी धरून चालतो. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत नाही. त्यामुळे साहेबांना कळत कसं नाही, या विचारात कोणी वेळ घालवू नये. सांगितल्याशिवाय कळत नाही, हेच खरं.

वरिष्ठांपाशी सरळ नकार देणं अनेकांना जड जातं. त्यांनी असं बोलून बघावं: ‘माझ्याकडे सध्या ही दोन कामं आहेत. हे तिसरं घेतलं तर दुसरं बुधवारऐवजी शुक्रवारी जाईल. कोणतं आधी करू?’ यात अडवणूक नाही, रडगाणं नाही. वेळेचा हिशेब समोर ठेवला आणि निवड ज्याची त्याच्याकडे दिली. माझ्यासमोर कोणी असं बोलतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही, उलट नियोजन सोपं होतं.

सहकाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे निवड त्याच्या हातात द्यायची नाही. ‘या आठवड्यापासून तुझा अहवाल मी करणार नाही. कुठे अडलं तर पंधरा मिनिटं बसून दाखवते.’ बस. कारणं देऊ नका. ‘मला घरी पाहुणे आहेत’ म्हणालात की तो म्हणेल, ‘मग सोमवारी कर’. प्रत्येक कारण म्हणजे त्याला सोडवायला दिलेलं एक गणित.

अबोली२७

सरळरेषा, मुद्दे पटले, पण हे चित्र जरा सोपं करून रंगवलंय असं वाटलं. तेच वाक्य कोण बोलतंय यावर त्याची किंमत ठरते.

हॅना रायली बाउल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी 2007 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. नोकरीसाठी निवडीच्या वेळी पगाराची घासाघीस करणाऱ्या उमेदवारांचं लोक कसं मूल्यमापन करतात, हे त्यात तपासलं होतं. स्त्रीने जास्त मागितलं की तिच्याबरोबर काम करायची लोकांची इच्छा पुरुषाच्या तुलनेत जास्त घटत होती. हा आपल्या मनाचा खेळ नाही. मी बैठकीत ‘माझं वाक्य पूर्ण होऊ द्या’ म्हटलं तेव्हा नंतर मला बाजूला घेऊन ‘हल्ली फार आक्रमक झालीस’ असं सुनावलं गेलं. त्याच बैठकीत दोन पुरुष सहकारी टेबलावर हात आपटून बोलले होते. त्यांना कोणी काही बोललं नाही.

म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. पण नुसतं ‘स्पष्ट बोला, सगळं सुरळीत होईल’ असं सांगणं अर्धवट आहे. मी दोन गोष्टी करते. मागणी कामाशी जोडून मांडते (‘हे माझ्याकडे असेल तर ग्राहकाला एकाच ठिकाणाहून उत्तर मिळेल’) आणि बैठकीआधी एका सहकाऱ्याशी बोलून ठेवते. मला कोणी मध्येच तोडलं की ती म्हणते, ‘तिचं ऐकू या आधी’. तिच्या वेळी मी म्हणते. दोघी मिळून केलं की त्याला आक्रमकपणाचं लेबल लागत नाही.

सरळरेषा

अबोली, मान्य. माझ्या जागेवरून हे दिसत नाही, हे खरंय. बैठकीत मध्ये तोडणाऱ्याला थांबवणं हे ती चालवणाऱ्याचं काम आहे. बोलणारीवर ते ओझं पडायलाच नको.

एक भर घालतो. डॅनियल एम्स आणि फ्रान्सिस फ्लिन यांचा 2007 चाच एक अभ्यास आहे. प्रमुख म्हणून कोण चांगला वाटतो, हे पाहताना फार बोटचेपे आणि फार चढेल असे दोन्ही लोक मागे पडले. मधल्या पट्ट्यातले सरस ठरले.

मधलीसुट्टी

बोटचेपेपणावरून आठवलं, लहानपणी ऐकलेली म्हण: भीड भिकेची बहीण. आजी उगाच नव्हती म्हणत.

रातपाळी

मी परिचारिका आहे. आमच्याकडे भीड धरून गप्प बसलं तर किंमत पेशंट मोजतो, म्हणून हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा.

एका रात्री वरिष्ठ डॉक्टरांनी जेन्टामायसिनचा नेहमीचा डोस लिहिला. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करताहेत का ते दाखवणारा रक्तातला घटक) बरंच वाढलेलं होतं. हे औषध मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं, त्यामुळे किडनीचं काम मंदावलेलं असेल तर डोस बदलावा लागतो. डॉक्टर घाईत होते, दुसऱ्या वॉर्डकडे निघालेले. मी म्हटलं, ‘सर, मला या डोसची काळजी वाटतेय, क्रिएटिनिन वाढलंय.’ ते चालता चालता ‘ठीक आहे, द्या’ म्हणाले. मी फाइल उघडी धरून त्यांच्यासमोर गेले आणि पुन्हा म्हटलं, ‘सर, हा रिपोर्ट बघितल्याशिवाय डोस द्यायला मी तयार नाही. पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.’ ते थांबले. आकडा बघितला, खिशातून पेन काढलं आणि डोस बदलला. ‘बरं झालं सांगितलंत’ एवढं बोलून गेले.

यात माझा धीटपणा फारसा नाही. प्रशिक्षणात हे वाक्य पायऱ्यांनी शिकवलं होतं. पहिली पायरी ‘मला काळजी वाटतेय’, दुसरी ‘मला हे ठीक वाटत नाही’, तिसरी ‘हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे’. अमेरिकेत 2006 मध्ये आलेल्या टीमस्टेप्स या रुग्णालयांसाठीच्या प्रशिक्षणात हे आहे. त्यात आणखी एक नियम असा की पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर किमान आणखी एकदा बोलायचंच. दुसऱ्यांदा बोलणं हा उद्धटपणा समजायचा नाही, ते कर्तव्य समजायचं. हा नियम माहीत असला की जीभ रेटते. तुमच्या बाजूने नियम उभा असतो ना.

धुमकेतू

रातपाळी, जबरदस्त प्रतिसाद. हे सगळं विमानांकडून रुग्णालयांकडे आलंय, म्हणून थोडं अवांतर करतो.

28 डिसेंबर 1978. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं उड्डाण, डीसी-8 विमान, पोर्टलंडला उतरायचं होतं. चाकांच्या यंत्रणेत बिघाड वाटला म्हणून कॅप्टन जवळपास तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत चाललं होतं. कॉकपिटमधल्या इतर दोघांना, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअरला, ते दिसत होतं, ते इंधनाबद्दल बोललेही. पण ‘आत्ताच्या आत्ता उतरा, नाहीतर इंजिनं बंद पडतील’ असं जोर लावून कोणी म्हटलं नाही. इंजिनं बंद पडली, विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. 189 पैकी 10 जण गेले.

चौकशीनंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कॅप्टननी इतरांचं ऐकून घेण्यावर आणि इतरांनी ठामपणे बोलण्यावर प्रशिक्षण द्या, अशी शिफारस केली. 1979 मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली आणि 1981 मध्ये त्याच कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी असं प्रशिक्षण सुरू केलं. आज ते जगभर सक्तीचं आहे. त्यात शिकवलेला एक क्रम ऑफिसातही चालतो: आधी नाव घेऊन हाक मारा, मग काळजी सांगा, मग नेमकी अडचण, मग तुमचा उपाय, आणि शेवटी ‘चालेल का?’ विचारून उत्तर मिळवा. बहुतेक जण अडचण सांगून थांबतात. उपाय आणि उत्तर राहूनच जातं.

पायवाट

धुमकेतू, शेवटचं वाक्य माझ्यासाठीच आहे. ‘फार होतंय हो’ म्हणून मोकळी होते, काय हवंय ते कधी सांगतच नाही.

एक प्रश्न: शब्द सापडले तरी आवाजाचं काय? माझा घसा दाटतो, डोळ्यांत पाणी येतं. मग समोरचा मुद्दा सोडून मलाच समजावत बसतो.

तिसरीघंटा

हौशी नाटकं बसवतो, आवाजाचं मी सांगू शकतो.

घसा दाटतो तेव्हा श्वास वर, छातीत अडकलेला असतो. लोक सांगतात ‘मोठा श्वास घे’. उलट करा. आधी श्वास पूर्ण सोडा, पोट आत जाईपर्यंत. मग तो आपोआप खालून भरतो. त्यानंतर पहिला शब्द उच्चारा. वाक्याचा शेवट खाली उतरू द्या. ‘मी हा अहवाल करणार नाही’ यातला ‘नाही’ वर गेला की तो प्रश्न वाटतो आणि समोरचा त्याला उत्तर द्यायला लागतो.

तालीम मोठ्याने करा, मनातल्या मनात नको. मनात सगळेच संवाद सुरेख होतात. नवऱ्याला किंवा मैत्रिणीला समोर बसवा आणि त्या सहकाऱ्याचं काम त्यांना करू द्या. त्यांनी मुद्दाम गोड बोलावं, मुद्दाम रुसावं, विषय बदलावा. खऱ्या प्रसंगात माणूस गडबडतो तो समोरून येणाऱ्या अनपेक्षित वाक्याने. ती वाक्यं तालमीत येऊन गेलेली असली की गडबड निम्मी होते.

आणि सगळ्यात अवघड भाग: वाक्य संपलं की थांबायचं. पुढे जी शांतता येते ती भरायची नाही. आमचे नवे कलाकारही थांबा घ्यायला घाबरतात, आणि त्या घाबरण्यात पुढचं काहीतरी बोलून जातात. ‘मी करणार नाही... म्हणजे अगदीच अडलं तर करीन...’ झालं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. ‘मला रडू येतंय, पण मुद्दा तोच आहे’ असंही म्हणता येतं.

उंबरठा

सगळे ऑफिसावरच बोलताहेत. मला घर जास्त अवघड वाटतं. ऑफिसात हुद्दा असतो, काम वाटलेलं असतं. घरात मात्र धाकटं ते धाकटंच. मोठी ताई अजूनही मी शाळेत असल्यासारखी माझ्या वतीने उत्तरं देते.

तिच्यापाशी ‘तू नेहमी असंच करतेस’ने सुरुवात केली की संपलंच. ‘नेहमी कुठे?’ म्हणून ती अपवाद काढते आणि आम्ही मागचे हिशेब काढत बसतो. मी आता एकच ताजा प्रसंग घेते, त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला ते सांगते आणि पुढच्या वेळी काय हवंय ते मागते. ‘परवा तू मामांना माझ्या वतीने, मी येणार म्हणून सांगितलंस. मला रजा मिळणार नव्हती, मला नंतर फोन करून नाही म्हणावं लागलं आणि फार संकोच वाटला. पुढच्या वेळी आधी मला विचार.’ ‘मी’ने बोलायची ही पद्धत थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांची. एकच सांभाळायचं: ‘मला वाटतं तू स्वार्थी आहेस’ ही भावना नाही, तो आरोपच. सुरुवात ‘मला’ने झाली म्हणून तो गोड होत नाही.

कोवळेऊन, दादांशी झालेल्या निर्णयावर भांडू नकोस, पुढच्या निर्णयात जागा माग. ‘दादा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे मीही येणार आहे. औषध बदलायचं असेल तर ठरवण्याआधी मला फोन कर.’ त्याने एवढे दिवस सगळं निभावलं, तेही आधी म्हण. मनापासून म्हण, कारण ते खरंच असतं. एकट्याने ठरवणारी मंडळी पुष्कळदा एकट्याने थकलेलीही असतात.

खडूफळा

उंबरठा, सुंदर. समोरचा वाद घालायला लागला तर मॅन्युएल स्मिथ यांनी 1975 मध्ये सांगितलेली एक युक्ती आहे. न चिडता तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. ‘तुझं कळलं, तरी हा अहवाल मी करणार नाही.’ त्याने नवा मुद्दा काढला तरी वाक्य तेच.

अबोली२७

ती युक्ती विक्रेत्यापुढे ठीक. भावापुढे तेच तेच म्हणणं म्हणजे त्याचं ऐकायचंच नाही असं होईल. बाबांच्या आजारपणात त्याला खरंच काहीतरी माहीत असू शकतं.

खडूफळा

बरोबर. जिथे नातं आणि माहिती दोन्ही देवाणघेवाणीवर चालतात तिथे ती वापरू नये. अहवालासाठी वापरावी.

गच्ची

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. समोरचा माणूस हात उगारणारा, धमकावणारा, पैसे-फोन ताब्यात ठेवणारा असेल तर हे संवादाचे धडे तिथे एकटीने चालवायला जाऊ नका. अशा माणसासमोर स्पष्ट बोलल्याने धोका वाढू शकतो. तिथे आधी सुरक्षितता, विश्वासातलं माणूस, बाहेरची मदत. आणि कंत्राटी कामावर असलेल्याला ‘साहेबांना ठणकावून सांग’ म्हणण्याआधी त्याच्या नोकरीचं काय होईल ते विचारा. केव्हा बोलायचं नाही, हे ठरवणंही त्याच माणसाच्या हातात असावं.

रातपाळी

गच्ची, +१. हे वर यायलाच हवं होतं.

कोवळेऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे नेमके शब्द मिळतील असं वाटलं नव्हतं.

नवऱ्यासमोर तालीम केली. त्याने सहकाऱ्याचं काम इतकं हुबेहूब केलं की मला खरोखरच राग आला. मग ऑफिसात सरळरेषांचं वाक्य जवळपास तसंच म्हटलं. सहकारी हसला, ‘अगं एवढ्याशाने काय होतं, शेवटचंच कर.’ मी म्हटलं, ‘नाही, या आठवड्यापासून मी करणार नाही. अडलं तर दाखवते.’ आणि थांबले. ती शांतता फार लांब वाटली. त्याने मॉनिटरकडे बघितलं, फाइल बंद केली, ‘बरं’ म्हणाला. अहवाल त्यानेच दिला. पण तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. त्याचा त्रास होतोय. दादाला अजून फोन केलेला नाही. तपासणीची तारीख जवळ आली की करीन, वाक्य लिहून ठेवलंय.

खडूफळा

हा रुसवा अपेक्षित आहे. आतापर्यंत जे हमखास मिळत होतं ते बंद झालं की माणूस आधी जोर वाढवतो: जास्त गोड बोलेल, जास्त रुसेल, एखाद्या आठवड्यात ‘फक्त आजच’ म्हणेल. त्याच वेळी एकदा दिलंत तर तो शिकेल की जास्त रेटलं की मिळतं. तेवढा काळ काढा. तुम्ही मात्र त्याच्याशी नेहमीसारखं बोला, सकाळी आपणहून हाक मारा. काम नाकारलंय, माणूस नाही, हे त्याला वागण्यातून दिसू द्या.

पायवाट

मागण्याबद्दलही कोणीतरी लिहा ना. मला नाही म्हणणं जमतं एकवेळ, पण मदत मागायला तोंड उघडत नाही. नकार येईल असंच वाटतं.

धुमकेतू

त्यावर फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स यांचं 2008 चं काम आहे. लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं, आणि हो म्हणायला किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधी घेतला. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा बऱ्याच कमी जणांना विचारावं लागलं. तोंडावर नाही म्हणणं समोरच्यालाही जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बोन्स यांच्याच नंतरच्या अभ्यासात ईमेलपेक्षा समक्ष मागितलेलं कितीतरी जास्त वेळा मिळालं.

अबोली२७

म्हणजे समक्ष मागणाऱ्याने जास्त जपायला हवं. समोर या धाग्यातलंच कोणीतरी बसलेलं असू शकतं. मी मागतानाच म्हणते, ‘आत्ता उत्तर नको, उद्या मेसेज कर. नाही जमलं तरी माझं दुसरीकडे होईल.’ आणि दुसरीकडची सोय खरोखर करून ठेवते.

सरळरेषा

हे उचलतो. टीमला काम देताना माझं ठरलेलं वाक्य होतं, ‘जमेल ना?’ त्याला भिडस्त माणूस हो सोडून काय म्हणणार? या आठवड्यापासून ‘हे घेतलं तर तुझं काय मागे पडेल?’ असं विचारतोय. पहिल्याच दिवशी दोघांनी याद्या काढून दाखवल्या. त्यातलं एक काम मी दुसरीकडे दिलं, एक पुढच्या महिन्यावर ढकललं.

पायवाट

सरळरेषा, तुमच्या टीममध्ये जागा आहे का? समक्ष येऊन विचारते. :)